दोन गाण्यांच्या मधलं

माझ्याकडे एकेचाळीस सीड्या आहेत. नव्वदच्या दशकात चंद्रपूरच्या पुढच्या मूल आणि चामोर्शी या गावांच्या आसपास अब्बांनी टेप केलेली दंडारीची गाणी त्यांत आहेत. तुम्ही ऐकायला बसलात तर माझं कौतुकच कराल. खरखर नाही, कुत्री भुंकत नाहीत, मागे जनरेटर धडधडत नाही. एक गाणं संपतं, दोन सेकंद काहीच ऐकू येत नाही, मग दुसरं सुरू होतं. ते दोन सेकंद सीडी भरणारं सॉफ्टवेअर आपणहून टाकायचं. त्या जागी आधी काय होतं हे मला ठाऊक आहे, कारण ते मी कापलं.

त्यात एका बाईच्या मुलीचा आवाज होता. ती मुलगी पुढे तापानं गेली. तिचा आवाज तेवढ्या एकाच ठिकाणी उरला होता आणि तो माझ्या हातून गेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण लपवण्यात मी पुष्कळ वर्षं घालवली आहेत आणि त्यात काही मिळालं नाही.

मूलच्या बाजाररस्त्यावर अब्बांचं दुकान होतं. रेडिओ, टेप, मिक्सर, जे येईल ते दुरुस्त करायचं आणि लग्नाकार्यात भोंगे भाड्यानं लावायचे. घरी आमची बोली हिंदी, पण दुकानाचा उंबरा ओलांडला की अब्बा माझ्याशीही मराठीतच बोलत. गिऱ्हाइकाला न कळणाऱ्या भाषेत त्याच्यासमोर बोलणं ही बदमाशी, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे त्यांचं माझ्यावरचं रागावणं सगळ्या बाजाराला कळायचं.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. एका दिवसाची जत्रा म्हणा. दुकानं, पाळणे, पाहुणे, मुलीला स्थळ बघणं, सगळं त्याच दिवशी. दिवसा दंडार, म्हणजे गावातल्याच माणसांचं गाणं-नाचणं आणि सोंगं. अब्बा तिथे भोंगे लावत, आणि ॲम्प्लिफायरला एक टेप जोडून ठेवत. माईकमधून जे जाईल ते सगळं कॅसेटीत उतरायचं. गणपतीच्या गणाच्या आधी अब्बांचं ‘हॅलो हॅलो’ असायचं, आणि शेवटच्या गाण्यानंतर ‘सायकली आपापल्या पाहून न्या’ हेही असायचं.

आणि मधे मधे हरवलेली पोरं असायची. मंडईत पोरं हरवायचीच. इतर भोंगेवाले ‘लाल सदऱ्याचा मुलगा, वय अंदाजे पाच’ असं ओरडून मोकळे होत. पण त्या वयाच्या पोराला बापाचं नाव विचारलं तर ते ‘बाबा’ म्हणतं आणि गाव विचारलं तर ‘आमचं गाव’ म्हणतं. लाल सदरे मंडईत शंभर. अब्बांनी त्यावर स्वतःची रीत काढली होती. ते पोराला कडेवर घेत, माईक त्याच्या तोंडाशी धरत आणि त्याच्याशी गप्पा मारत. तुमच्याइथी बैल कितीक हाये? त्यायचे शिंगं कसे हाये? सकाळी काय खाल्लं? घरी कोन कोनासंग भांडते? बाप कोण ते पोराला सांगता येत नाही, पण बैलाचं शिंग कुठून मोडलंय ते पोराला बरोबर ठाऊक असतं, आणि आवाज तर आई ओळखतेच. दोन-चार मिनिटांत कुणीतरी गर्दीतून धावत यायचं. एका पोरानं आजीनं आईला दिलेली शिवी भोंग्यावरून जशीच्या तशी सांगितली होती. आजी जी पळत आली ती पोराला घ्यायला कमी आणि त्याला गप्प करायला जास्त. त्या कॅसेटीच्या कॉप्या गावात खूप गेल्या.

अब्बा हे सगळं ज्या आवाजात करत तो आवाज घोगरा, मान खाली घालून बोलल्यासारखा होता. ‘श’ आणि ‘स’ त्यांचा एकच. मराठी बोलताना मधेच ‘अरे बाप रे, क्या बात है’ निघायचं. मला लहानपणी तो आवाज फार आवडायचा. पुढे मी कॉलेजला चंद्रपूरला गेलो. खोलीवरच्या मित्रांना आमच्याकडची दंडार ऐकवावी म्हणून एक कॅसेट नेली. त्यांनी गाणं ऐकलंच नाही. अब्बांचं बोलणं मागे नेऊन नेऊन ऐकलं आणि लोळून हसले. त्यानंतर वर्षभर मी मेसमध्ये शिरलो की कुणीतरी ओरडायचं, ‘तुमच्याइथी बैल कितीक हाये?’ मी त्यांच्यावर चिडलो असतो तर आज हे लिहिताना जरा तरी बरं वाटलं असतं. मी चिडलो नाही. मीही नक्कल करू लागलो, आणि ती सगळ्यांत चांगली जमायची. अर्थात, घरचाच माल.

परत आलो तो संगणक घेऊनच. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. दुकानाच्या पुढच्या अर्ध्यात काच बसवली, तिच्यावर ‘येथे कॅसेटवरून सीडी करून मिळेल’ असं लिहिलं, आणि अब्बांना त्यांच्या डाग द्यायच्या कथलाच्या कांडीसकट मागच्या अर्ध्यात ढकललं. ‘ढकललं’ हा शब्द मी आज वापरतो. तेव्हा ‘शिफ्ट केलं’ म्हणायचो.

सॉफ्टवेअरं सगळी फुकटची. आमच्याकडे फुकटचं म्हणजे चोरीचं एवढंच समीकरण होतं, पण ही खरोखरच फुकट होती. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी आपली नोकरीधंदा सांभाळून ती लिहिली होती आणि ‘घ्या, वापरा’ म्हणून वाटून टाकली होती. काही मासिकाबरोबरच्या सीडीत मिळाली, काही मी चंद्रपूरच्या सायबर कॅफेत तासन्‌तास बसून उतरवली. एक रेकॉर्ड करणारं, एक सीडी भरणारं, एक नुसतंच वाजवणारं आणि वाजवताना पडद्यावर रंगीत पट्ट्या नाचवणारं. एमपीथ्री करायला तर एक चिमुकली फाइल वेगळी आणावी लागायची. तिच्यासाठी मी मूलहून चंद्रपूरला बसनं गेलो होतो आणि ती फ्लॉपीत घालून खिशाला हात लावत परत आलो होतो.

मला सगळ्यांत आवडायचं ते आवाजाचं माप. आवाज आला की पडद्यावर हिरवी पट्टी सरकायची, वाढला की पिवळी, फाटायला लागला की लाल. अब्बांच्या ॲम्प्लिफायरवर हेच काम काचेमागची सुई करायची, आणि सुई लाल घरात जाऊ द्यायची नाही हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पट्टी पहिल्यांदा दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘सुईच हाये हे. आडवी केली फक्त.’’ मी हसलो. त्यांना कळलंय हे मला आवडलं नव्हतं.

आणि एक होतं खरखर काढणारं. त्याला आधी नमुना दाखवायचा, की बाबा रे, हा असा आवाज म्हणजे कचरा. मग ते पूर्ण कॅसेटीतून तसला आवाज वेचून काढायचं. कचरा कोणता हे मात्र आपण सांगायचं. त्याची काही चूक नव्हती. मी जे जे दाखवलं ते ते त्यानं इमानानं काढलं.

अब्बांच्या ट्रंकेतल्या सगळ्या कॅसेटी मी एका पावसाळ्यात उतरवल्या. भारनियमन सांभाळून, वीज असेल तेवढ्या तासांत. खरखर काढली, जनरेटर काढला. मग लक्षात आलं की गाण्यांच्या मधला हा जो पसारा आहे, ‘हॅलो हॅलो’, सायकली, रडणारी पोरं, बैलांची शिंगं, तोही काढता येतो. माउसनं तेवढा भाग काळा करायचा आणि एक बटण दाबायचं. अब्बांचा आवाज पडद्यावर दिसायचा कसा, तर गाण्याच्या दोन डोंगरांच्या मधल्या बारक्या झुडपांसारखा. मी झुडपं साफ करत गेलो. मला मेसमधलं हसणं ऐकू यायचं आणि मी आणखी साफ करायचो.

एकदा अब्बा मागे येऊन उभे राहिले.

‘‘त्या लेकरायले काऊन कापून राह्यला?’’

‘‘अब्बा, लोकांना गाणी ऐकायची असतात.’’

‘‘कोनं सांगतलं तुले?’’

मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी म्हणालो की सीडीत जागा कमी असते. ते ‘हं’ म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. सीडीत जागा पुष्कळ होती.

संगणकात मात्र खरंच नव्हती. एका कॅसेटीची कच्ची फाइल डिस्कचा केवढा तरी तुकडा खायची. म्हणून सीडी झाली की मी कच्ची फाइल उडवून टाकायचो. कॅसेट आहेच की, असं तेव्हा मनात म्हणायचो. पण पुढे कॅसेटीही मीच वाटल्या.

धान लोंबीवर आलं की आमच्याकडे पोपटांचे थवे उतरतात. त्यावर शेतकऱ्यांनी शोधलेला उपाय म्हणजे कॅसेटीतली फीत. ती काढून बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काठ्यांना ताणून बांधायची. उन्हात ती चकाकते, वाऱ्यात गुणगुणते, आणि पाखरं बिचकतात. त्या दिवसांत दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, रद्दी कॅसेटी हायेत का. अब्बा कुरखेड्याकडे एका सप्ताहाला भोंगे लावायला गेले होते, चार-पाच दिवस. मी ट्रंक उघडली आणि मागेल त्याला देत सुटलो. फुकट वाटण्याची मजा काही औरच असते. मला त्या परदेशी सॉफ्टवेअरवाल्यांच्या पंगतीत बसल्यासारखं वाटलं.

चामोर्शी रस्त्यावरच्या एका गावची बाई रेडिओ दुरुस्तीला घेऊन आली होती. बरोबर तिची मुलगी, अकरा-बारा वर्षांची. मी त्यांना पिशवीभर कॅसेटी दिल्या. मुलीनं तिथेच एकीची फीत बोटानं ओढून काढली, हातभर ताणली, तिच्यावर फुंकर मारली आणि कानाशी धरून हसली. पिशवी तिनंच उचलली. बाई म्हणाली, ‘‘भलं होवो बाबू तुमचं.’’

अब्बा परतले आणि ट्रंक उघडून बघतात तो काही नाही. आतून हात फिरवला, जसा रिकाम्या कणगीत फिरवतात तसा.

‘‘सीडीत सगळं हाये ना?’’

‘‘सगळं आहे अब्बा.’’

हे माझं पहिलं मोठं खोटं. त्या दिवाळीत मी चामोर्शीला बसनं गेलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या बांध्यांवर फिती लखलखत होत्या, आणि मी खिडकीशी बसून खूश होतो.

पुढच्या वर्षी, पाऊस सरता सरता, एका बाजाराच्या दिवशी दुपारी ती बाई पुन्हा आली. मी तेव्हा एका कापडदुकानाची जाहिरात रेकॉर्ड करत होतो. असल्या जाहिराती ऑटोवर भोंगा लावून गावभर फिरवायच्या. टेबलावर अब्बांचाच जुना माईक होता. लाल बटण दाबलेलं, तीन वाक्यं बोलून झाली होती, तेवढ्यात ती दारात उभी राहिली. गिऱ्हाईक आहे, दोन मिनिटांत जाईल, म्हणून मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही.

ती बाकावर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, ‘‘बाबू, माही पोरगी गेली.’’

श्रावणात ताप आला, चौथ्या दिवशी गेली. घरात तिचा एक फोटो होता, शाळेतला, सगळ्या वर्गाचा. त्यात ती मागच्या रांगेत होती आणि पुढच्या मुलीच्या वेणीआड अर्धी झाकली गेली होती. मग बाईला आठवलं होतं की ही चार-पाच वर्षांची असताना मंडईत हरवली होती, आणि भोंगेवाल्या भाऊंनी तिला माईकवर बोलायला लावलं होतं. भाऊ सगळं टेप करतात हे साऱ्या मुलुखाला ठाऊक.

‘‘तेवढं ऐकवता का मले? दुसरं काई नाई पायजे.’’

मग तिनं सहज म्हटलं, ‘‘तुमी मागच्या साली कॅसेटी देल्ल्या व्हत्या ना रद्दीतल्या, त्यायच्या फिती तिनंच बांधल्या बांधीवर. एकटीनं. भल्ली खूश व्हती.’’

त्या पिशवीत कोणत्या मंडईच्या कॅसेटी होत्या हे मी पाहिलंही नव्हतं. तिच्या गावाजवळच्याही असतील, कुरखेड्याकडच्याही असतील. पण कुठल्या तरी बांधीवर तिचा आवाज महिनाभर उन्हात वाळत होता, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं ताणला असणं अगदी शक्य होतं. हे त्या बाईला सांगायला हवं होतं. कापलं मी, वाटल्या मी. दोन वाक्यांचं काम.

मी म्हणालो, ‘‘बाई, मंडईच्या कॅसेटींना बुरशी लागली होती. सगळ्या खराब झाल्या. मी खूप प्रयत्न केला, पण आवाजच निघाला नाही.’’

‘खूप प्रयत्न केला’ हे जोडायची काही गरज नव्हती. खोटं बोलायला लागलो की मी मन लावून बोलतो.

मागच्या अर्ध्यात कथलाचा धूर थांबला. अब्बा उठून आले. माझ्याकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघितलं. बाई बोलत नव्हती तरी रस्त्यावरच्या गलक्यानं हिरवी पट्टी थोडी थोडी सरकत होती. त्यांनी स्टूल ओढलं, ते माईकच्या अगदी जवळ ठेवलं आणि त्यावर बसले. ‘‘बस बाई,’’ म्हणाले. ‘‘मले याद हाये.’’

आणि त्यांना खरंच आठवत होतं. कोणतं गाव, आंब्याखाली भोंग्याचा खांब, दुपारची वेळ. मुलीच्या केसांना लाल फीत आणि मुठीत अर्धी जिलेबी. ‘‘माईकले पाक लावला व्हता तिनं. दोन दिस चिकट राह्यला तो. हाच माईक हाये.’’ बाईनं माईकच्या जाळीवर बोट ठेवलं. अब्बा तिच्याशी बोलत होते, पण तोंड माईकच्या रेषेत ठेवून, सावकाश, सुई लाल घरात जाऊ नये अशा बेतानं. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

‘‘म्या इचारलं, बैल कसा हाये तुमचा? तं म्हने, एक पांढरा हाये, आन् एकाचं शिंग मोडलं हाये. म्या म्हटलं, मायनं काय नेसलं? तं म्हने, हिरवं लुगडं. मंग म्या म्हटलं, रडू नको बेटा, येते तुही माय. तं माईक धरला तिनं दोन्ही हातानं आन् म्हने, मी रडून नाई राह्यली. मायले सांगा, मी रडून नाई राह्यली.’’

अब्बांनी तिची नक्कल केली नाही. आपल्याच घोगऱ्या आवाजात सांगितलं. बाई आधी हसली. ‘‘नाक व्हायत व्हतं तिचं, आन् म्हने रडून नाई राह्यली,’’ म्हणाली, आणि मग बाकावर बसली आणि पदर तोंडात धरला.

उठताना अब्बा तिला म्हणाले, ‘‘पुढच्या बाजारी ये बाई. हे बोलनं सीडीत टाकून देतो आमी.’’ आणि तिला बसस्टँडवर पोचवायला गेले.

मी एकटा राहिलो. पडद्यावर अठरा मिनिटं भरली होती. मागे नेऊन ऐकलं. आयुष्यात इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग माझ्याकडून झालं नव्हतं. ना खरखर, ना घरघर, बाजाराचा गलका तेवढा पुसट, लांबून. आणि जाहिरातीची तीन वाक्यं आणि बाईचं बोलणं संपलं की माझा आवाज, ‘बुरशी लागली होती. मी खूप प्रयत्न केला.’ शिकलेल्या माणसाचा, ‘श’ आणि ‘स’ नीट वेगळे असलेला. अब्बांच्या आवाजाची लाज मी इतकी वर्षं बाळगली होती, आणि त्या दोन आवाजांत लाज वाटावी असा आवाज कोणता, हे तिथे स्वच्छ ऐकू येत होतं.

माझं तेवढं वाक्य कापता आलं असतं. कापण्यात तर मी उस्ताद. पाच मिनिटांचं काम होतं, वीज जायलाही अवकाश होता. पण मला त्या क्षणी एवढंच कळत होतं की हे कुणी ऐकता कामा नये, मीसुद्धा. मी पडद्यावरची खिडकी बंद करायला गेलो. सॉफ्टवेअरनं विचारलं, बदल जतन करायचे का? फुकटच्या त्या सॉफ्टवेअरनं मला एक संधी दिली होती. मी ‘नाही’वर दाबलं.

पहिल्यांदा कापलं तेव्हा मला माहीत नव्हतं, असं निदान म्हणता येतं. हे मी जाणूनबुजून केलं.

अब्बा परत आले. ‘‘टाकलं का सीडीत?’’

‘‘रेकॉर्डच झालं नाही अब्बा. माईकची वायर ढिली होती.’’

ती वायर त्यांनी त्याच दिवशी सकाळी डाग देऊन पक्की केली होती. त्यांनी ती दोन बोटांत धरून हलवली. हलली नाही.

‘‘सुई तं हालून राह्यली व्हती.’’

‘‘कधी कधी नुसतीच हलते ती.’’

तीस वर्षं सुईकडे बघत बसलेल्या माणसाला मी हे सांगितलं. अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं रागावणारे अब्बा त्या दिवशी रागावले असते तर मला फार बरं वाटलं असतं.

पुढच्या बाजाराला बाई आली ती नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन. हलकं, कमी दिवसांचं धान लवकर निघालं होतं. गाठोडं तिनं माझ्या टेबलावर ठेवलं. अब्बांनी तिला आत बसू दिलं नाही, बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर नेलं. काचेतून मला दोघं दिसत होते, ऐकू येत नव्हतं. अब्बा बराच वेळ बोलले. मधेच बाईनं मान वळवून काचेकडे पाहिलं. मी पडद्यावर काहीतरी महत्त्वाचं चालल्यासारखं केलं.

त्यानंतर ती महिन्या-दोन महिन्यांनी यायची. बाजार करायची, मग कडुनिंबाखाली बसायची, आणि अब्बा तिला तेच सांगायचे. बैल, हिरवं लुगडं, जिलेबी. दार उघडं असलं की त्यातले तुकडे माझ्यापर्यंत यायचे, कधी एखादी नवी आठवणही. एकदा मी धीर करून म्हणालो, ‘‘अब्बा, माईक बाहेर आणतो, रेकॉर्ड करू.’’ ते म्हणाले, ‘‘नको. मशीन नको आता.’’ त्यात राग नव्हता. दर वर्षी नवं धान निघालं की ती तांदळाचं गाठोडं आणायची, आणि ते माझ्याच टेबलावर ठेवायची. तो तांदूळ आमच्या घरात शिजायचा आणि मी तो खायचो.

अब्बा गेले. त्यांचाही आवाज माझ्याकडे नाही. एकेचाळीस सीड्यांतून एकेक करून शोधला. एका गाण्याच्या अगदी शेवटी, मी कापताना केसभर चुकलो होतो तिथे, ‘हॅ’ एवढं आहे. ‘हॅलो’मधलं. पुढचं मी कापलेलं आहे.

ते गेल्यावर दोनेक महिन्यांनी बाई आली. म्हातारी दिसू लागली होती. तिनं कडुनिंबाखालच्या बाकावर चहा घेतला, कप खाली ठेवला, पण उठली नाही. ती कशासाठी थांबली आहे ते मला कळलं. मी खुर्चीवरून उठून तिच्याजवळ बाकावर बसलो आणि मला जमेल तसं सांगायला लागलो. एक बैल पांढरा, एकाचं शिंग मोडलेलं. काचेआडून किती आणि कसं ऐकलं असेल मी. तिनं मला मधेच थांबवलं आणि पुढचं स्वतःच सांगू लागली, अब्बा सांगत तसं, त्यांच्याच थांब्यांवर थांबत. त्यांनी म्हटलं ते, मुलीनं म्हटलं ते, सगळं तिला पाठ झालं होतं.

मी म्हणालो, ‘‘बाई, हे मी रेकॉर्ड करू का?’’

ती ‘करा’ म्हणाली. मी आत नेऊन तिला स्टुलावर बसवलं, अब्बांचा माईक लावला, लाल बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकली. ती माईककडे बघत राहिली, मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘‘पन पुसू नका बाबू, या खेपेले.’’

मी तिच्याकडे पाहिलं असावं.

‘‘तुमच्या बाबानं पहिल्याच बाजारी सांगतलं व्हतं मले. फितीचं बी सांगतलं. म्हने, पोरगा शरमून राह्यला, त्याले काई म्हनू नको.’’

तोवर तिनं किती वर्षं तांदूळ आणला हे मी मोजलं नाही. मोजायची हिंमत नव्हती.

ती फाइल माझ्याकडे आहे. तिच्यात रस्त्यावरच्या बसचा हॉर्न आहे, पंख्याची घरघर आहे, मागे कुणीतरी मोबाइलच्या चार्जरची चौकशी करतंय. तिच्या त्या बोलण्यानंतर बराच वेळ नुसता पंखा ऐकू येतो. मग माझं नाक ओढणं ऐकू येतं, आणि मग ती सुरू करते. त्यातलं मी काही कापलेलं नाही.